बर्फातली पोरगी

आसेगावच्या रुख्मिणी भगतला पाच लेकरं झाली आणि दोन राहिली. राहिलेल्या दोघांना तिनं असं जपलं, की गाव हसायचं. थोरला देवमन शाळेत जायचा तेव्हा ती मजुरीला जाताना वाट वाकडी करून शाळेच्या खिडकीतून डोकावायची. मास्तर म्हणायचे, "बाई, इथंच आहे, पळून नाही गेला." ती म्हणायची, "पाहून जातो फक्त." धाकटी विजयमाला विहिरीवर गेली आणि यायला जरा उशीर झाला, की ही दारात येऊन उभी. नवरा जगदेव तापानं गेला, त्यानंतर तर हे दारात उभं राहणं जास्तच वाढलं.

तशी ती भित्री बाई नव्हती. साप दिसला तर पुरुषमाणसाला हाक न मारता स्वतःच मारायची. पाटलालाही तोंडावर उत्तर द्यायची. तिची भीती एकाच जागी होती. लेकरू नजरेआड झालं, की पुढं त्याचं काय झालं ते आपल्याला कळत नाही, एवढीच.

देवमन मॅट्रिक होऊन मुंबईला टपाल खात्यात लागला, त्याचं लग्न झालं, वडाळ्याला त्याला सरकारी क्वार्टर मिळालं. १९७५ च्या पावसाळ्यात त्याच्या बायकोला दिवस भरत आले. सुनेला आई नव्हती. म्हणून विजयमालाला शेजारी राहणाऱ्या जावेच्या, भागिरथाबाईच्या, हवाली करून रुख्मिणी मुंबईला गेली.

क्वार्टरच्या तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांत मिळून एक टीव्ही होता, समोरच्या बाईंच्या घरी. संध्याकाळ झाली की मजल्यावरचे सगळे त्यांच्या खोलीत दाटीवाटीनं बसायचे. रुख्मिणी उंबऱ्याशी बसायची, मांडीवर तांदळाचं सूप घेऊन. शेतीचा कार्यक्रम लागला की ती हमखास बोलायची, "असं वांगं लावलं त झाडं मरतीन." खोलीतली मंडळी हसायची. तिचं मन त्या पेटीत फारसं रमलं नव्हतं.

मग एका गुरुवारी खुर्चीवाला आला.

कोट घातलेला, चष्मेवाला एक माणूस खुर्चीत येऊन बसला आणि म्हणाला, की आजची गोष्ट अमुक देशाची आहे, लिहून इतकी वर्षं झाली. एवढं बोलून तो गेला आणि गोष्ट सुरू झाली. गोष्ट होती एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची. त्याच्या गावातल्या पोरांना सकाळी लढाईवर न्यायचं असतं. आयांना आपल्या पोरांजवळ तासभर जास्त बसता यावं म्हणून तो गावाच्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ मागं करतो. रुख्मिणीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. अर्ध्या तासात गोष्ट संपली, पुढं बातम्या लागल्या.

पुढच्या गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. खुर्चीवाला आला, पण देश दुसरा, माणसं दुसरी.

"आन् मागच्या गुरुवारचा घड्याळवाला?" तिनं विचारलं.

समोरच्या बाई म्हणाल्या, "ती गोष्ट संपली, आजी. दर गुरुवारी नवी असते. मोठमोठ्या लेखकांच्या जुन्या गोष्टी निवडून दाखवतात."

"संपली म्हंजे? त्याले पकडलं का नाही, ते त सांगा!"

"ते नाही दाखवलं. तेवढीच गोष्ट होती."

रुख्मिणीला हे पटलं नाही. पण तिनं एकही गुरुवार चुकवला नाही. नऊ गुरुवार, नऊ गोष्टी. दहाव्या गुरुवारची गोष्ट बर्फाच्या देशातली होती. डोंगराच्या कुशीत एक विधवा बाई, तिला एकच पोरगी. डोंगरापलीकडच्या गावात एक म्हातारा चष्म्याची भिंगं घासायचं काम शिकवतो आणि पोरीला ते शिकायचं आहे. आई नको नको म्हणते, शेवटी हो म्हणते. पोरगी पाठीला गाठोडं बांधून निघते, आई दारात उभी राहते. पोरगी खिंडीत पोचते तोच बर्फ पडायला लागतो. पुढं वाटेला दोन फाटे, मधे लाकडाचा खांब, खांबावर गावांची नावं, आणि नावांवर बर्फ साचलेला. पोरगी हातानं बर्फ पुसायला जाते—

"माय!" पलीकडच्या खोलीतून सुनेची हाक आली.

रुख्मिणी उठली. समोरच्या बाईंनी टीव्ही बंद केला आणि त्याही धावल्या. टॅक्सी आली, दवाखाना झाला, नातू झाला. गोडधोड वाटून झालं, आणि पाचव्या दिवशी तिनं बाईंना विचारलं, "ते पोरगी पोचली का वं?"

बाईंनाही माहीत नव्हतं. त्या मजल्यावर कोणालाच माहीत नव्हतं. सगळे दवाखान्यात होते.

कापूस फुटायच्या सुमारास रुख्मिणी आसेगावला परतली. विजयमाला धडधाकट होती, उलट थोडी अंगानं भरली होती. भागिरथाबाई म्हणाली, "घे तुही अमानत, मोजून घे." दोघी हसल्या आणि दुसऱ्या आठवड्यात इंद्रभान पाटलाच्या शेतात सीतादहीची पूजा होऊन कापसाचा वेचा सुरू झाला.

वेच्याला बाया एका रांगेत लागतात. प्रत्येकीनं आपापले दोन तास, म्हणजे झाडांच्या दोन ओळी, धरायचे, कमरेला फडक्याची ओटी बांधायची आणि बोंडातला कापूस ओटीत टाकत पुढं सरकायचं. या रांगेला पात म्हणतात. पात सरळ चालली तर काम सरळ चालतं. पण तसं होत नाही. एखादी चलाख बाई बांधापर्यंत पोचून पाणी पीत बसते, एखादी अर्ध्या वावरातच राहते, आणि पाटील दोघींवरही ओरडतो.

त्या साली इंद्रभान पाटलाला ओरडायचं कारणच उरलं नाही. पहिल्याच दिवशी पातीतल्या चंपाबाईनं टोचलं, "काय वं रुख्मीबाई, तीन महिने मुंबई खाल्ली, आमाले काय आनलं?" आणि रुख्मिणीनं ओटी खोचत, मान ताठ करत, खुर्चीवाल्याच्या आवाजात सांगायला सुरुवात केली.

"आजची गोष्ट फ्रान्स देशाची हाये. लिहून शंभर वर्सं झाली."

"तिथं कापूस होते का?"

"मले त दिसला नाही. थंडी लय. मान्सं घरात बूट घालून फिरतेत."

"घरात?"

"हाव. चुलीपाशी बी."

"मंग सारवतेत कवा?" भागिरथाबाईनं विचारलं आणि पात हसली.

अर्ध्या तासाची गोष्ट रुख्मिणी दिवसभर पुरवायची. घड्याळवाल्याच्या गावातल्या प्रत्येक आईला तिनं नाव दिलं, प्रत्येक पोराला खोड दिली. गोष्ट ऐकायची तर तिच्या आसपास राहावं लागायचं. म्हणून चलाख बाया हात आखडायच्या, मागच्या बाया हात उचलायच्या, आणि दोरी धरल्यासारखी पात एका रेषेत बांधाला लागायची. इंद्रभान पाटील पहिले दोन दिवस लांबून बघत राहिला. तिसऱ्या दिवशी धुऱ्यावरून, वावराच्या कडेच्या बांधावरून, पातीच्या बरोबरीनं चालू लागला.

"पाटील, पाह्यले येऊन राह्यले का आयकाले?" चंपाबाईनं विचारलं.

"माह्या वावरात मी कुठीबी चालीन," पाटील म्हणाला. थोडं चालल्यावर तोच म्हणाला, "रुख्मीबाई, जरा जोरानं सांगा. वारा हाये."

नऊ गोष्टींवर पहिला वेचा पार पडला. दुसरा लागला तेव्हा डिसेंबर उजाडला होता. चंपाबाई म्हणाली, "आता दहावी काढ."

"दहावी अर्धीच हाये माह्यापाशी."

"अर्धी त अर्धी. उपाशी थोडीच ठेवतं कोनी?"

आणि रुख्मिणीनं ती गोष्ट सांगितली. तिनं आजवर सांगितलेल्या गोष्टींत ही सगळ्यात चांगली सांगितली गेली, कारण ती पोरगी सप्टेंबरपासून तिच्या डोळ्यांपुढून हललीच नव्हती. पोरगी खांबापाशी पोचली, हातानं बर्फ पुसू लागली, आणि रुख्मिणी थांबली.

"मंग?"

"मंग सुनेच्या पोटात दुखाले लागलं."

पातीतून असा काही आवाज उठला, की धुऱ्यावरचे बगळे उडाले. "तिले बी तवाच टाइम भेटला का?" चंपाबाई ओरडली. "घडीभर दम नाही धरता आला पोट्टीले?"

मग ज्यानं त्यानं आपापला शेवट लावला. चंपाबाईनं पोरीला सुखरूप पोचवून भिंगं घासणाऱ्या म्हाताऱ्याच्या पोराशी तिचं लग्नही लावून टाकलं. भागिरथाबाई म्हणाली, "खांबापासून वापसच आली असीन, तिच्या पायाचे ठसे असतीन ना बर्फात." तांड्यावरची रुपाबाई शांतपणे म्हणाली, "आमच्या आज्या-पंज्यांनी बैलांवर मीठ लादून असेच डोंगर पार केले. तांडा आला असीन मागून. तांडा एकट्या लेकराले टाकून जात नाही." इंद्रभान पाटलानंही धुऱ्यावरून मत दिलं, की पोरीसोबत एखादं जनावर पाहिजे होतं, जनावर वाट चुकत नाही. रुख्मिणीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. हवं तर तिलाही एखादा शेवट जोडता आला असता. नऊ गोष्टींत तिनं पदरचं काय कमी घातलं होतं? पण या पोरीच्या बाबतीत तिची जीभ वळेना. काय झालं ते झालं होतं, मुंबईत कोणीतरी ते पाहिलं होतं, फक्त तिला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात अकोल्याहून विजयमालाच्या नावाचं पत्र आलं.

आई मुंबईत असताना विजयमालानं शाळेतल्या मास्तरांच्या मदतीनं नर्सच्या शिक्षणाचा अर्ज भरला होता. आता तिची निवड झाली होती. पाच जानेवारीच्या आत अकोल्याला हजर व्हायचं, सोबत पालकाच्या सहीचं संमतिपत्र आणायचं, राहायचं तिथंच. आसेगाव आता ज्यात आहे तो वाशीम जिल्हा तेव्हा झाला नव्हता. मोठा दवाखाना, कचेरी, सगळं अकोल्याला.

रुख्मिणी ओट्यावर बसली.

"मले न इचारता?"

"तुले इचारलं असतं त तू नाही म्हनली असती."

"आताबी नाहीच म्हनीन."

"काहून?"

पोरगी हुशार होती. समाजातल्या दोन पोरी मास्तरीण झाल्या होत्या, त्यांच्या घरच्यांची मान वर झाली होती. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून हिनंच पोरांना शिका शिका म्हणून सांगितलं होतं. पण शिकणं वेगळं, आणि सकाळ-संध्याकाळ नजरेला न पडणं वेगळं. अकोल्याला पोरगी आजारी पडली, पडली-झडली, कोणी काही बोललं, तर इथं आसेगावात कळणार कधी?

भागिरथाबाईनं समजावलं, मास्तर येऊन गेले. रुख्मिणी ना हो म्हणे, ना नाही. संमतिपत्र तिनं घडी करून पत्र्याच्या पेटीत लुगड्याखाली ठेवलं. शेवटी एका सकाळी चुलीपाशी विजयमालानं विचारलं, "माय, एकदाचं सांग ना वं. तू कायची वाट पाहून राह्यली?"

रुख्मिणी भाकर थापत होती. भाकरीवरून नजर न उचलता म्हणाली, "देवमनले कागद लिही. म्हनाव, ते पोरगी पोचली का नाही, तपास करून कळव."

"कोनती पोरगी?"

"बर्फातली."

विजयमालाला आधी हसू आलं, मग रडू. "माय, ते नाटक हाये! ते पोरगी खरी नाही."

"मले माईत हाये नाटक हाये. तुही माय एवढी भैताड नाही. पन नाटकात तरी पोचली का नाही, ते पाह्यलंच असीन ना कोनी?"

"आन् नाही पोचली त?"

रुख्मिणीनं भाकर तव्यावर टाकली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला.

"अकोल्यात कुठी हाये बरफ?" विजयमाला आता ओरडलीच. "अकोल्यात बरफ फक्त गोळ्याच्या गाडीवर भेटते!"

पण कागद तिनंच लिहिला, कारण घरात लिहिणारी तीच होती. आईनं सांगितला तसा, एक अक्षर इकडंतिकडं न करता. खाली आपल्या मनच्याही दोन ओळी लिहाव्यात, दादाला खूण करावी, असं तिच्या मनात आलं असेल तर तिनं तसं केलं नाही. पत्र पेटीत टाकून आली आणि म्हणाली, "टाकलं."

डिसेंबर गेला. वेच्यावर बाया रोज विचारायच्या, "आला का कागद?" इंद्रभान पाटील मंगरूळपीरला गेला की पोस्टात चौकशी करून यायचा. आसेगावच्या त्या एका वावरात पंधरा माणसं कोण्या परक्या मुलुखातल्या पोरीसाठी थांबून राहिली होती. त्यातल्या फक्त दोघींना, रुख्मिणीला आणि भागिरथाबाईला, माहीत होतं की त्या पोरीच्या पायाला तिसऱ्याच पोरीची गाठ बांधलेली आहे.

दोन जानेवारीला दुपारी पत्र आलं. त्या दिवशी रुख्मिणी घरीच होती, हाताला बोंडाची नखं लागून बोट सुजलं होतं. विजयमालानं पत्र फोडलं आणि दारातल्या उजेडात उभी राहून वाचायला लागली.

"आईस जयभीम. इकडे सर्व खुशाल आहे. बाळ आता पालथा पडतो. तू विचारलंस म्हणून मी ऑफिसात तपास केला. सगळे मला हसले. पण आमच्या सेक्शनमधल्या एकाच्या सासूबाई टीव्हीवरची एकही गोष्ट सोडत नाहीत, त्यांनी ती पूर्ण पाहिली होती..."

इथं ती थांबली. रुख्मिणी तिच्या तोंडाकडे बघत होती. पोरीचे डोळे पुढच्या ओळीवर गेले, तिथून खाली गेले, परत वर आले. अंगणात कोंबडी पाचोळा उकरत होती, तेवढाच आवाज. रुख्मिणीला अक्षर फक्त आपल्या नावापुरतं येत होतं. त्या कागदावर काय आहे ते त्या घरात एकटीला माहीत होतं, आणि ती एकटी अठरा वर्षांची होती, आणि तिला अकोल्याला जायचं होतं.

"वाच ना वं," रुख्मिणी म्हणाली.

"ती पोरगी पोचली नाही," विजयमालानं वाचलं. आवाज सरळ होता. "खांबापासून ती डावीकडे गेली. वाट उजवीकडे होती. तिसऱ्या दिवशी गावकऱ्यांना बर्फात गोठलेली सापडली. आई दारातच उभी होती असं शेवटी दाखवलं. आई, हे नाटक आहे, मनाला लावून घेऊ नको. तुझा देवमन."

तिनं कागदाची घडी केली, आईच्या हातात दिली आणि घागर घेऊन पाण्याला गेली. रुख्मिणी त्या दिवशी दारात गेली नाही. होती तिथंच बसली.

दुसऱ्या दिवशी सुजलं बोट तसंच घेऊन ती वेच्याला गेली. पात लागताच चंपाबाईनं हाक दिली, "आला म्हंते ना कागद? बोल."

रुख्मिणीनं सांगून टाकलं, जसं होतं तसं. पोचली नाही. डावीकडं गेली.

"हे काय शेवट झाला?" चंपाबाई तडकली. "कोन्या मेल्यानं लिहिली असीन? त्याले लेकरंबाळं नसतीन." रुपाबाईनं नुसतीच जीभ टाळूला लावली. भागिरथाबाईनं पदरानं डोळे पुसले.

थोडं पुढं गेल्यावर चंपाबाईला काहीतरी सुचलं. "वाचून कोनं दाखवलं?"

"मालानं."

"आपल्या मालानं?" अकोल्याच्या कागदाची गोष्ट आतापर्यंत सगळ्या गावाला झाली होती, आणि रुख्मिणी कशासाठी अडून बसली ते भागिरथाबाईनं कालच चंपाबाईच्या कानात घातलं होतं. "आन् तिनं पोचली नाही असंच वाचलं?"

"हाव."

चंपाबाईचे हात थांबले. "मी असती त पोचवून टाकली असती बाप्पा," ती हळूच म्हणाली. "तुले काय कयलं असतं?"

"काहीच नसतं कयलं."

पात पुढं चालली. नेहमी मधे आणि अर्धं पाऊल पुढं असणारी रुख्मिणी आज मागं पडत गेली. इंद्रभान पाटलानं ते पाहिलं, पण हाक मारली नाही. बोंडं तशीच ठेवून ती उभी राहिली होती. तिच्या मनात आता पोरगी नव्हती, त्या पोरीची आई होती. दारात उभी. बर्फ पडायला लागलेला दिसतो आहे, पोरगी एकटी आहे हे माहीत आहे, आणि ही बया दारात उभी! पायात बूट होते ना तिच्या, घरात सुद्धा घालून फिरत होती ना? तीन दिवस उभं राहून काय केलं? रुख्मिणीला त्या बाईचा असा संताप आला, की ती समोर असती तर तिचा हात धरून तिला ओढतच नेली असती.

तिनं ओटी सोडली, कापूस ढिगावर टाकला.

"काय झालं, रुख्मीबाई?" पाटलानं विचारलं.

"जातो पाटील. पोरीले अकोल्याले नेतो. परवा पाच तारीख हाये."

"जा, जा," पाटील म्हणाला. मग मागून ओरडला, "शेलूबाजारवरून सकाळची गाडी धरा, दुपारच्या गाडीत लय गर्दी राहते!"

घरी येऊन तिनं पेटी उघडली. विजयमाला दारात येऊन बघायला लागली. रुख्मिणीनं संमतिपत्र काढलं, पण पेन मागितला नाही. "कपडे भर. तुह्या संगं येतो."

"सही?"

"तिथंच करीन. आंदी रस्ता पाहून घेतो, जागा पाहून घेतो. मंग."

चार तारखेच्या सकाळी मायलेकी निघाल्या. शेलूबाजारला गाडी बदलली. रुख्मिणी खिडकीशी बसली आणि अकोला येईपर्यंत एकेक वळण बघत राहिली. अकोल्याच्या स्टँडवर उतरल्यावर ती रस्ता मुखोद्गत करायला लागली. "लाकडाची वखार. मंग दोन कडूनिंब. सायकलीचं दुकान, तिथून घास घ्यायच्या हाताकडं, म्हंजे उजवीकडं. ध्यानात ठेव." विजयमाला ट्रंक उचलून मुकाट्यानं चालत होती. आता भांडणात अर्थ नाही हे तिला कळलं होतं, आणि तिच्या पायांत चालण्यापेक्षा धावण्याची ओढ जास्त होती.

नर्सच्या वसतिगृहाच्या मेट्रनबाई पांढऱ्या लुगड्यातल्या, उंच, पिकल्या केसांच्या होत्या. त्यांनी कागद पुढं केला. "इथं सही करा."

"आंदी पाहून घेतो," रुख्मिणी म्हणाली.

मेट्रनबाईंनी भुवया वर केल्या, पण उठल्या. रुख्मिणीनं बारा खाटांची खोली पाहिली. दाराची कडी आतून लावून पाहिली, काढून पाहिली. नळ सोडून पाहिला. स्वयंपाकघरात जाऊन डाळीचा वास घेतला. विजयमाला लाजेनं भिंतीत शिरायची बाकी होती.

"पोरगी बाहेर गेली त कोनाले सांगून जाते?"

"वहीत लिहून जाते. कुठं, किती वाजता."

"आन् टायमावर वापस नाही आली त?"

मेट्रनबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. असले प्रश्न त्यांना दर वर्षी बारा घरचे लोक विचारत असतील. पण उत्तर त्यांनी घाईनं दिलं नाही. "तर मी चप्पल घालते आणि शोधायला निघते, बाई," त्या म्हणाल्या. "मागच्या साली दोनदा निघाले. दोघी सापडल्या. एक सिनेमाला बसली होती."

रुख्मिणीनं त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपला चांगल्या मजबूत होत्या, टाचेशी झिजलेल्या. मग तिनं पेन घेतला आणि सुजलेलं बोट सांभाळत, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर लिहिलं: रुख्मिणी जगदेव भगत.

निघताना ती रडली नाही. विजयमालाच रडली. रुख्मिणीनं तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलांवर मोडली आणि फाटकाबाहेर पडली.

सायकलीचं दुकान तिला सापडलं. कडूनिंब सापडले नाहीत. येताना ते डाव्या हाताला होते, आता कोणत्या हाताला असायला हवेत ते तिच्या ध्यानात येईना. एक गल्ली गेली, दुसरी गेली, कापसाच्या जिनिंगची लांबच लांब भिंत लागली आणि ती उभी राहिली. बैलगाड्यांची रांग चालली होती. तिनं एका गाडीवाल्याला विचारलं, त्यानं हात केला. पुढं एका भाजीवालीला विचारलं, ती म्हणाली, "लय लांब आली माय तू, चाल, वळनापर्यंत सोडतो," आणि टोपली शेजारणीवर सोपवून वळणापर्यंत आली. तिथं एका पोस्टमनला विचारलं. त्यानं सायकलवरून न उतरता वखार दाखवली.

वखारीपलीकडे स्टँड दिसत होता. शेलूबाजारची गाडी लागली होती, कंडक्टर हाका मारत होता. रुख्मिणी घडीभर उभी राहिली, आणि वळून आल्या वाटेनं परत चालायला लागली. या वेळी कडूनिंब बरोबर सापडले.

फाटकावरच्या माणसानं तिला आत सोडलं नाही, भेटायची वेळ संपली होती. पण निरोप दिला. विजयमाला पळत आली, घाबरी झालेली. एव्हाना तिनं अंगावर नवी पांढरी साडी गुंडाळून पाहिली होती, ती तशीच अर्धवट नेसलेली.

"काय झालं माय? गाडी चुकली का?"

"गाडी हाये. दुसरी बी हाये साडेचारले." रुख्मिणीनं फाटकाच्या गजांतून हात घालून तिच्या साडीच्या निऱ्या नीट केल्या. "मी चुकली होती. सांगाले आली."

"तू? एवढा रस्ता पाठ केला होता ना तू?"

"हाव ना. तरी चुकली. मंग तिघाले इचारलं. एक बाई त टोपली टाकून आली संगं. सांगतेत लोक, माला. तू बी इचारजो."